घरचे संस्कार आणि मेधा पाटकर

प्रश्न : मेधा पाटकर समाजवादी विचारांच्या घरात वाढल्या, असे वाचले. त्यांच्या पुढील कार्यात त्या घराचा वाटा कितपत मानावा?

उत्तर : माझ्या मते तो फार मोठा आहे. त्यांचा जन्म 1954 साली मुंबईत झाला. वडील वसंत खानोलकर स्वातंत्र्यसैनिक आणि कामगार पुढारी होते, तर आई टपाल व तार खात्यात नोकरी करीत असत. कामगार पुढाऱ्याच्या घरी संप, वाटाघाटी आणि मोर्चे हे जेवतानाच्या बोलण्यातलेच विषय असतात, त्यामुळे अन्यायाविरुद्ध उभे राहणे मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही. मात्र वडिलांचे काम शहरातील कामगारांत होते. मुलीने टाटा समाजविज्ञान संस्थेत शिक्षण घेतल्यानंतर पीएच.डी.चे संशोधन अर्धवट सोडून 1985च्या सुमारास नर्मदा खोरे गाठले आणि नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात बुडणाऱ्या मणिबेलीसारख्या आदिवासी गावांतील लोकांना संघटित केले. ही निवड सर्वस्वी त्यांची स्वतःची होती, आणि मला तीच अधिक मोलाची वाटते. 1993मध्ये या धरणासाठीचे जागतिक बँकेचे कर्ज थांबले, त्यामागे या गावकऱ्यांचा चिवट लढा होता.