आजीची पैठणी हाती आलीय? आधी एवढंच करा

आजीची पैठणी तुमच्याकडे आली, खूप बरं वाटलं. घाबरू नका, सुरुवातीला फार काही करायचं नसतं. नवखी माणसं उत्साहाच्या भरात नको तेवढं करतात आणि साडी हातची जाते.

धुऊ नका. लगेच रोल-पॉलिशलाही (रुळांवर ताणून चमक आणायला) टाकू नका. जुनं रेशीम आधी घडीवर विरतं. पांढऱ्या चादरीवर ती पूर्ण उलगडा आणि घडीची प्रत्येक रेष उजेडात बघा. तिथं बारीक चिरा दिसल्या, तर ती आता नेसायची नाही, जपायची.

- प्लॅस्टिकची पिशवी आजच काढा. धुतलेल्या, बिनखळीच्या मलमलीत गुंडाळा.
- डांबराच्या गोळ्या नकोत. अत्तरही नको, त्यानं जरीचे धागे काळे पडतात.
- तीन-चार महिन्यांनी सावलीत वारा द्या आणि घडी बदला. हे विसरू नका, सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं.
- हँगरला लटकवू नका.

आणि ती कुणी घेतली, कुणाच्या लग्नात नेसली, हे आईला, आत्याला विचारून लिहून ठेवा. सांगणारी माणसं आहेत तोवरच हे कळतं. चिठ्ठी मलमलीच्या बाहेर ठेवा.

रफू करायचं की काठ नव्या कापडावर चढवायचे, ते येवल्याच्या एखाद्या जाणत्या विणकराला दाखवून पुढे ठरवू.