मुलं फिट आहेत, मग रतनगड ते हरिश्चंद्रगड ट्रेकला अजून काय तयारी लागते?

'आमच्या मंडळाची १२ ते १७ वयाची १८ मुलं डिसेंबरात चार दिवस न्यायचीत, सगळी रोज ग्राउंडवर पळतात त्यामुळे फिटनेसचा प्रश्न नाही, फक्त सामानाची यादी द्या' असं तुम्ही लिहिलंय. हे वाक्य मी आधी ऐकलंय. जवळपास शब्दन् शब्द. आमच्या धाकट्या दिरांच्या तोंडून, २०१२ साली, आमच्याच ओट्यावर उभं राहून. त्यामुळे यादी शेवटी जमली तर देते, आधी हे ऐका.

आम्ही नाशिकचे. भाऊजी तेव्हा आमच्या कॉलनीतल्या पोरांचे सर्वेसर्वा. दोन महिने पहाटे साडेपाचला ग्राउंडवर आठ राउंड, शंभर बैठका आणि रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या पळत चढायच्या, घड्याळ लावून. पोरं खरंच तयार झाली होती, खोटं कशाला बोलू. पण दोन महिन्यांत एकाही पोराच्या पाठीवर एकदाही भरलेली सॅक चढली नाही. मी म्हटलं होतं, भाऊजी, एक रात्र रामशेजच्या पायथ्याला नाहीतर कुठेही सामानासकट काढूया. तर म्हणाले, 'वहिनी, सॅक काय, ती चढवली की चढते.'

एकूण १७ मुलं, त्यात चार मुली. मोठे तिघं. भाऊजी पुढे, एक कॉलेजचा मुलगा मध्ये आणि मी शेवटी. मला का घेतलं, तर 'पोरींसाठी कुणीतरी बाई हवी' म्हणून. मी लग्नाआधी पंधराएक किल्ले केले होते ते कुणी विचारलं नाही.

घोटीवरून शेंडी, तिथून रतनवाडी, रात्री अमृतेश्वराच्या देवळाजवळ मुक्काम. पहिल्या दिवशी रतनगड, गुहेत झोपलो, सगळं छान. नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, वारा असा होता की पोरं ओरडत होती आणि आवाज कुणालाच जात नव्हता. दुसऱ्या दिवशी उतरून जंगलातल्या फाट्यावरून कात्राबाईची खिंड चढायची आणि पलीकडे कुमशेत गावात मुक्काम. कागदावर सोपं. पण गणेश दरवाज्याखालच्या लोखंडी शिड्या पाठीवर सॅक घेऊन २० माणसांनी उतरायच्या म्हणजे काय, हा हिशोब कुणी केलाच नव्हता. एका वेळी शिडीवर एकच माणूस, सॅक अडकते, कुणाचा पाय थरथरतो, कुणाची पाण्याची बाटली खाली जाते ठण ठण करत. दीड तास तिथेच गेला.

आता मुद्द्याचं. भाऊजींचा लाडका एक मुलगा होता, दहावीतला, त्याला इथे पिंट्या म्हणते. ग्राउंडवर सगळ्यात पुढे, भाऊजी त्याला चित्ता म्हणायचे. तर हा चित्ता फाट्यानंतर हळूहळू मागे मागे येत माझ्या पुढ्यात आला. मी विचारलं काय रे, तर म्हणे 'काही नाही काकू, फोटो काढतोय.' त्याच्याकडे कॅमेरा नव्हता. आणि हे माझ्या डोक्यात शिरायला मला तासभर लागला, ही माझी चूक, मान्य.

खिंडीत पोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते, बाकीचे कधीच पलीकडे उतरलेले. तिथे कात्राबाईचा शेंदूर लावलेला दगड आहे, त्याच्याजवळ हा बसला आणि उठेचना. मी बूट काढायला लावले. नवे कोरे बूट, मामाने ट्रेकसाठी म्हणून तीन दिवस आधी घेऊन दिलेले, अर्धा नंबर लहान, आणि आत शाळेचे पांढरे नायलॉनचे मोजे. दोन्ही टाचांना रुपयाएवढे फोड, डावीकडचा फुटलेला आणि मोजा त्याला चिकटलेला. बाटलीतलं पाणी ओतून ओतून तो मोजा सोडवला. पोरगं ओठ चावत बसलं होतं, आवाज नाही. मी म्हटलं, अरे सकाळीच का नाही बोललास? तर खाली बघत म्हणतो, 'दादा म्हणाले होते ना, ज्याला लागतं त्याने घरी बसून पोगो बघावं.'

हे दादा म्हणजे आमचे भाऊजी.

फर्स्ट एडचा डबा कुठे? भाऊजींच्या सॅकमध्ये. भाऊजी कुठे? कुमशेतला, चहा पीत. माझ्याकडे पर्समधल्या दोन जुन्या बँडेडच्या पट्ट्या, त्या घामाने पाच मिनिटांत सुटल्या. मग ओढणी फाडली, टाचा गुंडाळल्या, आणि माझे जादाचे फ्लोटर त्याच्या पायात घातले, त्याची बोटं पुढून बाहेर येत होती. असे आम्ही उतरायला लागलो. डिसेंबरात सव्वासहाला अंधार होतो, झाडीत त्याच्याही आधी. खाली गुरांच्या वाटा इतक्या फुटतात की दिवसासुद्धा माणूस चकतो, आणि आमच्या दोघांत एक टॉर्च, तीही पिवळी पडलेली. मी ठरवलं की आता एक पाऊल पुढे टाकायचं नाही. बसलो एका सपाट जागी, स्वेटर घातले, आणि जेवायची स्टीलची ताटली काढून चमच्याने बडवत बसलो. आळीपाळीने. पिंट्याने तर आरतीच्या चालीवर वाजवली.

आठच्या सुमारास भाऊजी कुमशेतच्या दोन माणसांना घेऊन वर आले. ती माणसं म्हणाली की ताटलीचा आवाज नसता तर आम्ही पलीकडच्या वाटेने वर गेलो असतो. आणि भाऊजींचं पहिलं वाक्य काय असावं? 'वहिनी, किती उशीर!'

गेली कित्येक वर्षं दर दिवाळीला फराळाच्या ताटावर ही गोष्ट निघते आणि ती 'वहिनी मागे राहिल्या त्या वर्षी' अशीच सुरू होते. मागे राहिल्या म्हणे! अहो, शेवटच्या माणसाचं कामच मागे राहायचं असतं.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. फिटनेस ही तयारी नाही. तुमच्या १८ पोरांपैकी प्रत्येक जण, विशेषतः सगळ्यात पुढे पळणारा, पायाला चुरचुरायला लागल्यावर दहा मिनिटांच्या आत सगळ्यांदेखत 'थांबा, मला लागतंय' म्हणू शकतो का, ही तयारी. चुरचुरतंय तोवर कागदी मेडिकल टेप लावला की काम दोन मिनिटांत होतं, फोड आल्यावर चार दिवस गेले. आणि पोरं हे भाषण देऊन शिकत नाहीत. म्होरक्याने स्वतः पहिल्या तासात खाली बसून बूट काढायचा आणि म्हणायचं, माझी करंगळी घासतेय, टेप दे रे. लागत नसलं तरी. मी आता तेच करते, दर तासाला दहा मिनिटं थांबा, सगळ्यांचे बूट-मोजे बाहेर, आणि जो बोलला त्याला कुणी हसलं तर हसणाऱ्याला रात्री भांडी. ज्या गटात 'नाटकं करू नको' हे वाक्य चालतं त्या गटाला मी माझी मुलं पाठवणार नाही, मग त्यांचा सर ऑलिंपिकला जाऊन आलेला असो.

दुसरं, निघायच्या दोन-तीन आठवडे आधी एक रात्र बाहेर काढाच. खऱ्या सॅका, खरे बूट, खरं वजन. जवळचा कुठलाही डोंगर चालेल. नवे बूट ट्रेकच्या दिवशी पायात नकोत हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दर वेळी एक पिंट्या निघतोच, म्हणून बूट आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा, घालून चालायला लावा, उतारावर बोटं पुढे आपटतात का विचारा. महागडे लागत नाहीत, अ‍ॅक्शनच्या ट्रेकिंग बुटांवर अर्ध्या महाराष्ट्राने सह्याद्री पालथा घातलाय. मोजे मात्र जाड आणि लोकरीचे, तीन जोड.

आदल्या संध्याकाळी सगळ्यांच्या सॅका उपसायच्या. सतरंजी पसरून, पालकांसमोर. रद्दीवाल्याकडून हूकचा काटा आणायचा आणि प्रत्येक सॅक टांगायची. पोराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त भरली की काढा बाहेर. ४५ किलोच्या पोराला नऊ किलो, पाण्यासकट. एकदा एका मुलाच्या सॅकमधून दोन किलो शंकरपाळे, तीन जीन्स, स्पीकर आणि केसांचा जेल निघाला होता आणि टॉर्च नव्हती. त्याची आई म्हणाली, शंकरपाळे राहू द्या. ते आम्ही तिथेच सतरंजीवर संपवले.

पाणी प्रत्येकी तीन लिटर. रतनवाडीच्या बाजूला सुरुवातीला प्रवरेचा ओढा सोबत असतो म्हणून पोरं बाटल्या भरत नाहीत आणि वरच्या चढावर ओरडतात. पुढच्या नाल्यांना पाणी आहे का ते गावात विचारूनच निघा. वाटाड्या रतनवाडीतून घ्या, पैशाची घासाघीस करू नका. कुमशेतला नि हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईला पिठलं-भाकरी सांगून ठेवली तर पातेली, तेल, डाळ-तांदूळ वाहायचा त्रास वाचतो, आणि हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे लाकडं तोडून चूल पेटवायची नसते. शेकोटीची हौस गावातल्या अंगणात भागवा. रात्रीच्या थंडीला मात्र हसू नका, गडावर डिसेंबरात दात वाजतात.

फर्स्ट एड शेवटच्या माणसाकडे. शेवटच्याकडे! पुढच्याकडे ठेवून काय उपयोग, जखमी माणूस पुढे पळत जातो का? आणि सगळ्यात हळू चालणारा पुढे, म्होरक्याच्या लगेच मागे, म्हणजे अख्खी रांग त्याच्या चालीने जाते. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी, दहा-वीस रुपयांची. फाटा आला की शेवटचा दिसेपर्यंत कुणी पुढे जायचं नाही.

मुली असतील तर पॅड सगळ्यांच्या सामानाच्या यादीतच लिहा, कुजबुज नको, आणि वापरलेले परत आणायला जाड पिशव्या. दम्याचा पंप, कसली अ‍ॅलर्जी, झोपेत चालणं, हे पालकांकडून लेखी घ्या, तोंडी विचारलं तर सगळी पोरं ठणठणीत असतात. पैसे घेऊन नेत असाल तर राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ साली आलंय, त्यातलं नोंदणीचं बघून घ्या. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन आहे, तो नंबर तिघाचौघांच्या फोनमध्ये नि एका कागदावर असू द्या, रेंज सगळीकडे मिळत नाही.

आता थोडं भाऊजींच्या बाजूने, नाहीतर नवरा हे वाचून बोलेल. पळणं अगदीच वाया गेलं नाही. खिंडीच्या चढावर एकाही पोराला धाप लागली नाही, आणि मी नंतर नेलेल्या एका गटात, जिथे पळायला मी अजिबात लावलं नव्हतं, दोघांना खिंडीखालूनच परत पाठवावं लागलं. तेव्हा पळवा, पण सॅक घालून चालवा जास्त. आणि त्या रात्री पिंट्याला कुमशेतपर्यंत पाठुंगळी कुणी आणला, तर भाऊजींनीच. वाटेत एक शब्द बोलले नाहीत त्याला. त्याची सॅक पण स्वतःच्या पोटावर घेतली. दुसऱ्या दिवशी पिंट्या आणि मी कुमशेतहून जीपने राजूर करत पाचनईला गेलो आणि खाली थांबलो, बाकीचे हरिश्चंद्रगडावर जाऊन तिथल्या कोकणकड्यावर सूर्यास्त बघून आले. मी त्या वर्षी कोकणकडा पाहिलाच नाही. पाचनईच्या एका पडवीत बसून चित्त्याबरोबर पत्ते खेळले, आणि हरले.

यादी राहिलीच. ती इथे इतर उत्तरांत कुणीतरी दिली असेल, त्यात फक्त मेडिकल टेपचे तीन रोल, शिट्ट्या आणि एक स्टीलची ताटली वाढवा.

आणि तुमच्यात १२ वर्षांची जी मुलं आहेत त्यांना पहिल्यांदाच चार दिवसांना नेऊ नका. त्यांना रतनगड करून रतनवाडीतूनच परत पाठवा, एक मोठं माणूस सोबत देऊन. भाऊजींचं मत वेगळं आहे, ते म्हणतात बाराव्या वर्षी पोरं शेळ्यांसारखी चढतात. चढतात हो. त्यांना उतरण्याबद्दल विचारा.