पहिल्यांदा ‘कटान’ मांडताना

‘कटान’ या पटावरच्या खेळासाठी मित्रांना पहिल्यांदाच जमवताय ना? मग तिघा-चौघांनीच बसा. मूळ डब्यात सोय तेवढ्यांचीच आहे. नियमपुस्तिका वाचून दाखवू नका, एक-दोन फेऱ्या पत्ते उघडे ठेवून खेळा.

खरी गोम सुरुवातीला प्रत्येकाने पटावर मांडायच्या दोन वस्त्यांत आहे. वस्तीशेजारच्या जागेवरचा आकडा फाशांवर पडला, की तिथला माल हाती येतो. दोन फाशांवर ६ किंवा ८ पडण्याची शक्यता प्रत्येकी ३६ पैकी ५, तर २ किंवा १२ ची फक्त १. नवखा २-१२ ला चिकटला की तासभर हात रिकामा, आणि पुढच्या वेळी तो येतच नाही. त्याला जागा निवडायला मदत कराच.

सौदे घाईत उरकू नका. ‘दोन लोकर घे, एक वीट दे’ या घासाघिशीतच अबोल माणूस खुलतो. आणि ७ पडल्यावर चोर (बसेल त्या जागेचा माल अडवणारी सोंगटी) आघाडीवरच्याच्या जागेत बसवा, मागे पडलेल्याच्या नको.