युरोपात मानवी हक्क शिकायला निघालेल्या मुलीला

प्रिय पोरी,

मेल मिळाला, प्रपोजल वाचलं. 'युरोपीय समाजांपुढची मानवी हक्कांची आव्हानं' हा विषय नाही गं, हे परिसंवादाचं नाव झालं. त्यात तू बोटीतून येणारे निर्वासित घेतलेस, हिजाब घेतलास, हंगेरी पोलंड घेतलंस, वर क्लायमेट आणि एआय पण आहेच. एका वर्षाच्या एलएलएममध्ये (कायद्याच्या मास्टर्समध्ये) यातलं एक जरी धड झालं तरी खूप. मला विचारशील तर ओस्त्रावाची शाळांची केस घे. जुनी आहे, म्हणूनच घे, कारण निकालानंतर काय काय होतं ते तिथे इतक्या वर्षांचं बघायला मिळतं.

ओस्त्रावा म्हणजे चेक प्रजासत्ताकातलं कोळशाचं आणि पोलादाचं शहर, पोलंडच्या सीमेजवळ. तिथे रोमा लोकांची, म्हणजे मूळ भारतातून गेलेल्या आणि युरोपात वगळल्या गेलेल्या समाजाची, मुलं शाळेच्या वयाची झाली की त्यातली निम्मी साध्या शाळेत न जाता 'विशेष शाळेत' जायची, म्हणजे बौद्धिकदृष्ट्या मागे असलेल्या मुलांसाठीची शाळा, हलका अभ्यासक्रम, पुढे कॉलेजचा रस्ता जवळपास बंद. १९९६ ते १९९९ च्या दरम्यान असं घातलेल्या १८ मुलांच्या वतीने केस झाली. आता सरकार म्हणणार की आमच्याकडे जातवंशाप्रमाणे आकडेच नाहीत, आम्ही तशी नोंदच ठेवत नाही. मग मुलांच्या बाजूने काय केलं, शहरातल्या ८ विशेष शाळा आणि ६९ प्राथमिक शाळांच्या मुख्याध्यापकांना प्रश्नावल्या पाठवल्या आणि मुलं मोजली. प्राथमिकच्या एकूण ३३ हजारांवर मुलांत रोमा २.२६ टक्के, आणि विशेष शाळांत ५६ टक्के! रोमा मूल विशेष शाळेत जायची शक्यता इतरांच्या २७ पट. मला या केसमधला सगळ्यात आवडता भाग हाच, कोणी भाषण ठोकलं नाही, बसून मोजलं.

आणि हे सगळं कायद्यानुसार चाललं होतं बरं का. मानसशास्त्रज्ञाची टेस्ट व्हायची, मुख्याध्यापक निर्णय घ्यायचे, आईबापाची लेखी संमती असायची. टेस्ट बेतलेली बहुसंख्य चेक मुलांवर. संमतीचे फॉर्म काही वेळा आधीच भरून ठेवलेले, सही तेवढी करायची, दुसरा पर्याय काय आहे आणि या शाळेत आणि त्या शाळेत फरक काय याबद्दल त्यावर एक ओळ नाही. तू भटक्यांच्या पालांवर काम केलंयस, अंगठा कुठे आणि कसा घेतला जातो ते मी तुला सांगायला नको.

२००६ साली स्ट्रासबुर्गच्या कोर्टात, म्हणजे युरोपीय मानवी हक्क न्यायालयात, ही केस हरली. मग त्याच कोर्टाच्या मोठ्या पीठाकडे, ग्रँड चेंबरकडे गेली आणि १३ नोव्हेंबर २००७ ला १३ विरुद्ध ४ मतांनी जिंकली. कोर्ट म्हणालं की उघड कोणाला वगळा असं कायद्यात लिहिलेलं नसलं तरी परिणाम जर एकाच समाजावर होत असेल तर तो भेदभावच, आकडे पुरावा म्हणून चालतील, आणि वंशावरून भेदभाव न होण्याचा हक्क कोणी सही करून सोडून देऊ शकत नाही. हे शेवटचं वाक्य तू पाठच कर. प्रत्येकाला ४,००० युरो भरपाई. तेव्हा ती मुलं १६ ते २२ वर्षांची होती, म्हणजे बहुतेकांची शाळा केव्हाच संपलेली.

इथपर्यंतचं सगळ्या टेक्स्टबुकात मिळेल, तुझं काम याच्या पुढे आहे. निकाल लागायच्या आधीच, २००५ पासून नवा शिक्षण कायदा आला आणि 'विशेष शाळा' हे नावच गेलं, झाल्या 'प्रॅक्टिकल शाळा', इमारत तीच, मास्तर बरेचसे तेच. २०१४ मध्ये युरोपियन कमिशनने (युरोपियन युनियनच्या कार्यकारी यंत्रणेने) याच मुद्द्यावर चेक सरकारवर वेगळी कारवाई सुरू केली. २०१६ ला सगळ्यांना साध्या शाळेत सामावून घ्यायची मोठी सुधारणा आली, आणि तिच्यावर देशभर इतका आरडाओरडा झाला की विचारू नकोस. शिवाय कोर्टाच्या आवाक्यात सहज न येणारी एक गोष्ट आहे: एखाद्या शाळेत रोमा मुलं वाढायला लागली की बाकीचे आईबाप आपली मुलं हळूच काढून दुसरीकडे घालतात, कोणी काही बोलत नाही, कायदा कुठे मोडत नाही आणि दोन-चार वर्षांत शाळा आपोआप वेगळी होऊन बसते. निकालाला १५ वर्षं उलटून गेली तरी ही केस मंत्र्यांच्या समितीसमोर, म्हणजे कोर्टाचे निकाल अमलात येतात का ते बघणाऱ्या कौन्सिल ऑफ युरोपच्या समितीसमोर होतीच, फाईल बंद झाली नव्हती.

आता त्याच देशातली दुसरी गोष्ट, ही वाचताना मला तुझी ती दाखल्यांची कामं आठवली. रोमा बायकांच्या नसबंदीची. कोणाची सिझेरियनच्या आधी कळा चालू असताना कागदावर सही घेतलेली, कोणाला सोशल वर्करने पैशाची लालूच किंवा धमकी दिलेली. २००५ मध्ये तिथल्या ऑम्बड्समनचा (लोकांच्या सरकारविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा) रिपोर्ट आला, २००९ मध्ये सरकारने खेद व्यक्त केला, भरपाईचा कायदा व्हायला २०२१ उजाडलं. ३ लाख चेक क्राउन, १९६६ ते २०१२ मध्ये बेकायदा नसबंदी झालेल्या प्रत्येकीला. पण अर्ज करायचा तर हॉस्पिटलचे कागद मागतात, आणि जुने कागद बऱ्याच हॉस्पिटलांनी केव्हाच नष्ट केलेले. ज्यांनी कागद ठेवायचे त्यांनी ते टाकून दिले आणि पुरावा मागतात म्हातारीकडे! आपल्याकडे जन्मभर फिरत राहिलेल्या माणसाला विमुक्त-भटक्याच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा आण म्हणतात, तो काउंटर तुझ्या ओळखीचा आहे. म्हणून म्हणते तू हे काम चांगलं करशील.

एक सावध करते. तू रोमांवर काम करतेयस म्हटल्यावर इथले लोक तुला सांगायला येतील की ते आपलेच, हजार वर्षांपूर्वी भारतातून गेलेले, आणि दुसरे येतील ते म्हणतील बघा, हे युरोपवाले आम्हाला मानवी हक्क शिकवतात. दोघांनाही चहा पाज आणि कामाला लाग. मूळ भारतातलं आहे हे खरंच आहे पण ओस्त्रावाच्या आईला त्याने शाळेचा प्रवेश मिळत नाही. आणि ढोंगी म्हणून मोकळं होणं तर फारच स्वस्त आहे. सरकारला दर काही काळाने समितीपुढे आकडे घेऊन उभं राहावं लागतं, ही छोटी गोष्ट नाही, तशी सोय आपल्याकडे असती तर मी किती खेटे वाचवले असते.

पण ती सोय कायम राहील असंही धरून चालू नकोस. २०२५ च्या मे महिन्यात इटली आणि डेन्मार्कच्या पुढाकाराने नऊ देशांनी जाहीर पत्र काढलं, की स्थलांतराच्या बाबतीत स्ट्रासबुर्गचं कोर्ट युरोपीय मानवी हक्क करारनाम्याचा अर्थ फार ताणतंय. त्या नवांत चेक प्रजासत्ताकही आहे. आज विषय स्थलांतराचा आहे, पण एकदा कोर्टाला गप्प करायची सवय लागली की शाळेच्या केसला कोण विचारतंय. या पत्राला तुझ्या प्रबंधात अर्धं प्रकरण दे.

बाकी कामाचं. प्रपोजलमध्ये तू कौन्सिल ऑफ युरोप आणि युरोपियन युनियन यांचा काला केलायस, तो आधी निस्तर. पहिलीत ४६ देश, रशियाला २०२२ मध्ये काढलं, तिचं कोर्ट स्ट्रासबुर्गला. दुसरीत २७ देश, तिचं कोर्ट लक्झेंबर्गला. मुलाखतीत इथेच गचकतात. निकाल हुडॉकवर, म्हणजे स्ट्रासबुर्गच्या कोर्टाच्या वेबसाइटवर, फुकट आहेत, पण तू हुडॉक-एक्झेक उघड, तिथे अंमलबजावणीचे कागद असतात. सरकार काय म्हणतं ते 'अॅक्शन प्लॅन' म्हणून असतं आणि संस्था त्याला 'नियम ९' खाली उत्तर देतात, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाच. समिती या कामासाठी मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरला बसते, त्याप्रमाणे आपलं कॅलेंडर लाव. कंटाळा येईल, येऊ दे, रात्री सिरीज बघ आणि सकाळी परत बस.

आणि प्रागच्या मागे लागू नकोस, ब्रनो बघ. घटनात्मक कोर्ट, सर्वोच्च कोर्ट, ऑम्बड्समन सगळे ब्रनोला, मासारिक युनिव्हर्सिटी तिथेच, रोमा संस्कृतीचं म्युझियम तिथेच, आणि ओस्त्रावाला तिथून ट्रेन आहे. चेक भाषा आजपासून सुरू कर, इंग्रजीत फक्त निकाल मिळतो, त्या आया इंग्रजीत बोलत नाहीत. प्रपोजल नव्याने लिहून रविवारपर्यंत पाठव, आणि प्लीज पीडीएफ नको, वर्डमध्ये पाठव, मला मध्ये मध्ये खुणा करायच्या असतात.

तुझी
ताई