एका जागी उभी राहा

कोल्हापूर

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

वास्तुकलेच्या प्रवेशासाठी मुंबईला जाऊन आलीस आणि 'त्या शहरात माझा निभाव लागणार नाही' असे लिहिलेस. मरीन ड्राइव्ह, गेटवे, सागरी सेतू, जहांगीर कलादालन हे सारे तू दोन दिवसांत उरकलेस. त्यांपैकी एकाही जागी तू तासभर उभी राहिली नसशील, हे पत्र वाचताच मी ओळखले. लोकलच्या गर्दीचे वर्णन मला लिहू नकोस. नवरात्रातली अंबाबाईची रांग पाहत वाढलेल्या मुलीने गर्दीला भ्यावे, हे मला पटत नाही.

मी प्रथम मुंबईला गेलो तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. वडील पाथरवट. मला दुमजली बस आणि समुद्र पाहायचा होता; पण पहाटे बोरीबंदरला, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, उतरल्यावर वडील बाहेर येऊन जे थांबले, ते उन्हे डोक्यावर येईपर्यंत हलले नाहीत. फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ, भिंतींवरची कोरीव पाने-पाखरे त्यांनी डोळ्यांनी चाचपून पाहिली आणि मग दोन दगडांच्या सांध्यावर माझे बोट ठेवून म्हणाले, "नख कुठं अडकतंय का बघ." भिंतींवरचे ते कोरीवकाम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केले होते, हे मला पुढे वाचनातून कळले. म्हणजे ती मुले तुझ्याच वयाची, बहुधा तुझ्याइतकीच बावरलेली. आणि तू त्याच जे. जे.च्या आवारात शिकायला कचरतेस!

परत आल्यावर मी आपला नवा राजवाडा पहिल्यांदा नीट पाहिला. त्याचे काम १८७७ मध्ये सुरू झाले, बोरीबंदरचे १८७८ मध्ये. राजवाड्याचा आराखडा करणारे मेजर चार्ल्स मँट १८८१ मध्ये वारले आणि इमारत पुरी झाली १८८४ मध्ये. तरी त्या काळ्या दगडाच्या कामात हात कुठे सैल पडलेला मला आजवर दिसलेला नाही. हे दिसायला आधी बोरीबंदरपुढे पाय दुखेपर्यंत उभे राहावे लागले. म्हणून सांगतो, एका जागी उभी राहा.

मला मुंबई झेपली नाही, म्हणून मी शिवाजी पेठेतले वाडे दुरुस्त करत बसलो, असे लोक म्हणतात. म्हणोत. चुना भिंतीतली ओल बाहेर पडू देतो, सिमेंट ती आत कोंडते आणि मग दगडाचे पापुद्रे सुटतात, हे मालकांना सांगताना माझी कामे गेली. पण दगडांच्या सांध्यांत मी सिमेंट भरू दिले नाही. बोरीबंदरच्या डागडुजीवर एखादे वर्ष राबायला मिळायला हवे होते, ही रुखरुख मात्र आहे. असो. मी कोल्हापुरात राहिलो तो मुंबई पाहून. तू न पाहताच राहायला निघाली आहेस.

मुदत संपण्याआधी महालक्ष्मी एक्सप्रेसने पुन्हा जा आणि फोन पिशवीत ठेव. स्टेशनासमोर महानगरपालिकेची इमारत आहे, १८९३ मध्ये पुरी झालेली. तीही स्टेशनाचे वास्तुकार फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचीच. एकाच माणसाने दोन ठिकाणी घुमट कसे वेगळे बसवले, हे तुझे तुला दिसेपर्यंत तिथून हलू नकोस. भूक लागली तर वडापाव खा आणि पुन्हा त्याच जागी ये. दोन्ही घुमटांची कच्ची रेखाटने मला पाठव. कोल्हापूर की मुंबई, यावर आपण त्यानंतरच बोलू.

तुझा,
काका