निवडीचे निकष केव्हा ठरवावेत?

प्रश्न : मी सॉफ्टवेअर क्षेत्रातील एका लहान कंपनीत प्रोग्रामरांच्या तुकडीचा प्रमुख आहे. आम्हा नऊ जणांत एकही स्त्री नाही. आता दोन जागा भरायच्या आहेत. अर्जांवरील नावे झाकली की पक्षपात टळेल, असे सहकारी म्हणतात. तेवढे पुरेसे आहे का, की एक जागा स्त्रीसाठी राखून ठेवावी?

उत्तर : नावाचा परिणाम होतो, हे खरे आहे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात विज्ञानाच्या 127 प्राध्यापकांपुढे प्रयोगशाळा-व्यवस्थापकाच्या पदासाठीचा एकच अर्ज ठेवला गेला, काहींपुढे पुरुषाच्या नावाने आणि काहींपुढे स्त्रीच्या. पुरुषाचे नाव असलेला अर्जदार त्यांना अधिक सक्षम वाटला आणि त्याला पगारही जास्त द्यावासा वाटला. प्राध्यापिकांचा कलही तोच होता, त्यामुळे निवड समितीवर एक स्त्री बसवली की काम झाले, असे मानू नये.

मात्र नाव झाकले तरी अर्जातला बाकीचा मजकूर बोलतच असतो. अ‍ॅमेझॉनने 2014 पासून अर्ज चाळणारी एक प्रणाली तयार करून पाहिली. आधीच्या दहा वर्षांतील, म्हणजे बहुतांशी पुरुषांच्या, अर्जांवरून ती शिकलेली असल्याने ‘महिलांचा’ या अर्थाचा शब्द आढळला की ती त्या अर्जाला खालचे स्थान देऊ लागली, आणि अखेर कंपनीने तो प्रयोग सोडून दिला.

माझ्या मते खरी मेख निकष केव्हा ठरतात यात आहे. 2005 च्या एका प्रयोगात पोलीस प्रमुखपदासाठीचा पुरुष उमेदवार उच्चशिक्षित असला की परीक्षकांना शिक्षण अधिक महत्त्वाचे वाटे. स्त्री उच्चशिक्षित असली की शिक्षणाचे तेच महत्त्व उरत नसे. उमेदवार पाहण्यापूर्वीच निकष ठरवायला लावले, तेव्हा हा भेदभाव नाहीसा झाला. तेव्हा पहिला अर्ज उघडण्याआधी कामाला नेमके काय लागते आणि कशाला किती गुण, हे लिहून काढा. सर्वांना तेच प्रश्न विचारा. आणि आपसांत चर्चा होण्यापूर्वी प्रत्येक परीक्षकाने आपले गुण नोंदवावेत. ‘आपल्यात मिसळेल का’ हा निकष मात्र वगळाच, कारण नऊ पुरुषांत सहज मिसळणारा बहुधा दहावा पुरुषच निघतो.

जागा राखून ठेवण्याबाबत देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत, म्हणून आधी वकिलाला विचारावे. त्यापेक्षा जाहिरात कोठवर पोहोचते ते पाहा. सहकाऱ्यांच्या ओळखीतूनच अर्ज येत असतील, तर ते बहुधा तुमच्यासारख्यांचेच असतील.