दह्यातल्या बॅक्टेरियाचे जीन्स बदलून शुगरची जखम भरतात असं वाचलं, वडिलांच्या पायासाठी हे भारतात मिळेल का?

बातमी खरी आहे, पण मेडिकलमध्ये मागायला जाऊ नका, मिळत नाही. आणि दही लावायचा विचारही करू नका. एरवी मी इथे नुसती वाचते, "दही" आणि "पाय" एका प्रश्नात दिसलं म्हणून लिहायला बसले.

मी मिरजेत एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, मायक्रोचं, म्हणजे जंतू वाढवून ओळखायचं, टेबल माझ्याकडे असतं. अण्णांना, म्हणजे वडिलांना, जुनी शुगर. तीन वर्षांपूर्वी डाव्या पायाच्या अंगठ्याखाली घट्टा झाला, घट्ट्याखाली जखम, आणि त्यांना पत्ताच नाही कारण तळव्याला काही लागलेलं कळतच नव्हतं, फरशीवर डाग दिसले तेव्हा आईच्या लक्षात आलं. मग रोज ड्रेसिंग मीच करायचे. जखम छान लाल झालेली, कडेने भरत आलेली. तेवढ्यात मला तीन दिवस ट्रेनिंगला पुण्याला जावं लागलं आणि इकडे आमच्या दाजींनी व्हॉट्सॲपवर काहीतरी वाचून जखमेवर घरचं दही थापलं, वर केळीचं पान, त्यावर कॅरीबॅग बांधली. फोनवर मला म्हणे, अगं चांगले बॅक्टेरिया असतात, तूच शिकलीस ना.

परत येऊन पट्टी सोडली तर गॉजवर हिरवट डाग आणि तो गोडसर, द्राक्षासारखा वास. मायक्रोवाल्यांना हा वास कुणी सांगावा लागत नाही. तरी सलाईनने धुऊन, वरचा चिकटा काढून तळातनं स्वॅब घेतला (वरचा घेतला तर नुसता कचरा उगवतो), जंतू वाढवायच्या प्लेटा लावल्या. दुसऱ्या दिवशी मॅकॉन्कीच्या प्लेटवर बिनरंगी कॉलन्या, न्यूट्रियंट अगारची प्लेट अख्खी हिरवी, ऑक्सिडेज टेस्टची पट्टी बघता बघता जांभळी. स्युडोमोनास, ओल्या जागी वाढणारा जंतू. वडिलांचं नाव रिपोर्टवर मीच टाईप केलं. बारा दिवस ॲडमिट होते, अंगठा काढावा लागला. दाजी शहाळी घेऊन भेटायला आले, दह्याबद्दल एक अक्षर नाही.

आता तुम्ही वाचलेलं. २०१८ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या लोकांनी लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी नावाच्या बॅक्टेरियामध्ये सीएक्ससीएल-१२ नावाच्या प्रोटीनचा जीन घातला. हे प्रोटीन जखमेकडे पेशी बोलावून घेतं. नुसतं प्रोटीन लावलं तर जखमेतली एन्झाइम्स ते तोडून टाकतात, पण हा बॅक्टेरिया तिथेच बसून बनवत राहतो आणि वर त्याच्या लॅक्टिक ॲसिडने जखम आंबट होते, त्यामुळे तोडणारं एन्झाइम मंदावतं. मला तर ही आयडिया फार आवडली. उंदरांमध्ये जखमा लवकर भरल्या, शुगर वाढवलेल्या उंदरांमध्येसुद्धा, नंतर निरोगी माणसांवर पहिली चाचणीही झाली. शिवाय एक कंपनी लॅक्टोकॉकस लॅक्टिस या दुसऱ्या बॅक्टेरियाकडून तीन प्रोटीनं बनवून घेते, तीही थेट शुगरच्या पायासाठी. आपल्याकडे मात्र जीन बदललेला जिवंत जंतू म्हटलं की परवानग्यांच्या पायऱ्या, जीन बदललेलं बीटी वांगं २०१० पासून अडकलंय ते बघताच आहात. आणि महत्त्वाचं म्हणजे हा लॅबमध्ये वाढवलेला, मोजून दिलेला एकच स्ट्रेन असतो, फ्रिजमधल्या पातेल्यातलं दही नव्हे ज्यात कालचा चमचा बुडालाय.

मागच्या महिन्यात दाजींनी हीच बातमी फॅमिली ग्रुपवर टाकली, "बघा, मी म्हणत नव्हतो?" आणि ताईने खाली अंगठ्याचा इमोजी टाकला. अंगठ्याचा!

तुमच्या वडिलांची जखम तळव्याला असेल तर वर काय लावायचं हा प्रश्न नंतरचा, आधी त्या जागेवरचं वजन काढा. वेल्लोरला पॉल ब्रँड डॉक्टरांनी १९५० च्या दशकात कुष्ठरोग्यांच्या पायांवर हेच दाखवलं, पाय रोगाने आपोआप सडत नाही, दुखतच नाही म्हणून माणूस जखमेवर चालत राहतो, प्लास्टर घालून दाब काढला की तीच जखम भरते. भरल्यावर एमसीआरची (मऊ मायक्रोसेल्युलर रबराची) चप्पल, तीही घरात. आमच्याकडे खरं भांडण इथेच आहे, आईला स्वयंपाकघरात चप्पल चालत नाही आणि अण्णा देवघरात अनवाणीच जातात. मी घरात घालायला वेगळी जोडी आणली, उंबऱ्याबाहेर कधी न गेलेली, तरी ती ओट्याच्या अलीकडेच थांबते.

एक सांगायचं राहिलं. दह्यातनंच स्युडोमोनास आला असं मी छातीठोक म्हणणार नाही. तो पाण्यात असतो, नळाला असतो, पान आणि कॅरीबॅगखाली ओल राहिली की त्याला कुठूनही यायला रान मोकळं. आणि पायाला रक्तपुरवठा कमी असेल तर प्लास्टरही परस्पर घालायचं नाही, आधी डॉपलर (रक्तप्रवाहाची तपासणी) करून घ्या, सर्जनला दाखवा. मी डॉक्टर नाही.

दाजींना गेल्या दिवाळीत शुगर निघाली. एमसीआरची चप्पल त्यांनीही घेतलीय, आम्हाला न सांगता. ताईने सांगितलं.